मान एकाची, धड दुसऱ्याचं

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. "मामा, अठ्ठ्याहत्तरचा फेंडर जॅझ बास मिळतोय. अमेरिकन. सव्वादोन लाख सांगतायत. घेऊ का?"

ती पुण्यातल्या एका बँडमध्ये बास, म्हणजे खर्जाची चार तारांची गिटार, वाजवते. पाच वर्षं इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरवर, म्हणजे फेंडर कंपनीच्याच स्वस्तातल्या बासवर, काढली आणि आता जरा पैसे साठलेत. मी पोटापाण्याला दुसरंच काही करतो, पण पंधरा-सोळा वर्षं माझे शनिवार-रविवार लोकांच्या गिटारी उघडण्यात गेले आहेत. त्यामुळे नात्यागोत्यात असे फोन मलाच येतात.

विकणाऱ्या होत्या बांद्र्याच्या एक वयस्कर बाई. त्यांचे यजमान गोव्याचे, सत्तर-ऐंशीच्या दशकांत बोटींवरच्या बँडमध्ये वाजवायचे. ते चार वर्षांपूर्वी गेले. बास तेव्हापासून कपाटामागे पडून होता. फोटो काढणं, भाव सांगणं वगैरे सगळं त्यांचा पुतण्या बघत होता. त्याने भाचीला सहा फोटो पाठवले आणि खाली एक ओळ लिहिली होती: सिरियल नंबर चेक केला आहे, १९७८ ओरिजिनल.

ती ओळ वाचूनच भाचीचं अर्धं मन तयार झालं होतं. खरं सांगायचं तर माझंही.

फोटोंवरून

सिरियल नंबरचं आधी सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. १९७६ पर्यंत फेंडरचा नंबर बॉडीच्या म्हणजे धडाच्या मागे, नेक म्हणजे मान जिथे स्क्रूने बसवतात त्या पत्र्यावर ठोकलेला असायचा. त्या वर्षी तो हेडस्टॉकवर, म्हणजे तारा पिळायच्या चाव्या असतात त्या नेकच्या टोकावर आला, लोगोच्याच डेकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रात. 'एस' म्हणजे सत्तरचं दशक आणि पुढचा आकडा वर्षाचा. ऐंशीसाठी 'ई', नव्वदसाठी 'एन'. आमच्या बासवर एस, आठ आणि पुढे पाच आकडे होते. म्हणजे १९७८, किंवा त्याच्या मागचं-पुढचं वर्ष. डेकल एकगठ्ठा छापली जायची आणि संपेपर्यंत वापरली जायची. एस नऊची डेकल १९८१ पर्यंत लागलेली सापडतात.

पण हा नंबर नेकवर आहे. बासवर नाही. फेंडरचा नेक तीन-चार स्क्रू काढले की हातात येतो. आणि तसं डेकल आज कुणीही छापून घेऊ शकतं. जुनी गाडी घेताना आरसी बुकातला नंबर बरोबर आहे एवढं बघून पैसे द्यायचे आणि बॉनेट उघडायचंच नाही, तशातला हा प्रकार.

फोटोंमध्ये मात्र वरवर सगळं जुळत होतं. ट्रस रॉडचं, म्हणजे मानेच्या आतल्या सळईचं, टोक हेडस्टॉकवर बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर आलेलं. फ्रेटबोर्डला, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीला, कडेने पांढरी बाइंडिंग आणि मोत्यासारखे चौकोनी ठोकळे. मागे तीन स्क्रूंचा पत्रा, त्यावर मोठा 'एफ'. १९७५ च्या सुमारापासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या जॅझ बासचं हेच रूप. फेंडरच्याच प्रिसिजन बासला त्या काळातही चारच स्क्रू होते, जॅझला तीन. रंग काळा, काळाच पिकगार्ड. बासवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या बासमुळे या वर्षांच्या जॅझ बासला आज जो भाव आहे तो पूर्वी नव्हता. कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली गेली आणि तेव्हापासूनच्या मालाला जुने लोक नाकं मुरडायचे. जाड प्लास्टिकसारखं पॉलिश, जड लाकूड, तीन स्क्रूंची डुगडुगणारी मान. आता तीच मान शोधत लोक फिरतात.

एक गोष्ट मला खटकली होती आणि मी ती सोडून दिली. ही माझी चूक, म्हणून लिहितो.

जॅझ बासमध्ये दोन पिकअप असतात, म्हणजे तारांचा कंप पकडणारी, वायर गुंडाळलेली चुंबकं. साठच्या दशकात दोघांच्या मध्यांमधलं अंतर साधारण ९१ मिलिमीटर असायचं. सत्तरच्या दशकात ब्रिजकडचा, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडचा, पिकअप सेंटीमीटरभर मागे सरकला आणि अंतर १०२ च्या आसपास गेलं. त्यामुळे मागच्या पिकअपचा आवाज जास्त टणक आणि नाकातून आल्यासारखा झाला. आता नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर म्हणजे बरोबर १७ इंच, कारण तारेची पूर्ण लांबी ३४ इंच. हे माप हाताशी असलं की फोटोवरूनही पट्टी लावून बाकीची मापं काढता येतात. मी काढली. उत्तर आलं ९३. फोटो तिरका होता, मोबाइलची लेन्स कडेला वस्तू ओढते, म्हणून मी मनाशी म्हटलं, प्रत्यक्ष बघू. त्यात गैर काही नव्हतं. गैर हे, की भाचीला मी याबद्दल अवाक्षरही बोललो नाही. ती इतकी खूश होती.

बांद्रा

रविवारी सकाळची डेक्कन क्वीन पकडून दादरला उतरलो आणि लोकलने बांद्र्याला गेलो. सॅकमध्ये भिंग, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, साधा टॉर्च, व्हर्नियर, मल्टिमीटर, शाळेच्या कंपासपेटीतलं होकायंत्र, बॅगा तोलायचा हुकवाला काटा आणि ॲलन कीचे दोन संच. एक इंचातला, एक मिलिमीटरमधला. हे दोन संच म्हणजे या कामातलं सर्वांत स्वस्त हत्यार. अमेरिकेतला माल इंचात बनतो, जपानचा-कोरियाचा मिलिमीटरमध्ये. लोगो खोटा लावता येतो. स्क्रूच्या आट्यांचं माप बदलायच्या फंदात कुणी पडत नाही.

आँटी मूळच्या बांद्र्याच्याच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती. त्यांचं मराठी माझ्याहून ठसठशीत. त्यांनी डायनिंग टेबल मोकळं करून त्यावर दोन टॉवेल अंथरून ठेवले होते. मला ते फार आवडलं. बास त्यांनी स्वतः आणला आणि बाळ ठेवावं तसा ठेवला.

भाचीने आधी वाजवून घेतला. तारा गंजून काळ्या झाल्या होत्या, ॲम्प माझा चिमुकला सरावाचा, तरी नेक हातात बसल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. मला मात्र एक गुणगुण ऐकू येत होती. जॅझ बासचा एकच पिकअप चालू असला की तो गुणगुणतोच. पण दोन्हीचे आवाज पूर्ण उघडले की गुणगुण मरायला हवी, कारण दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकाचे असतात. इथे ती मरत नव्हती. मी टिपून ठेवलं. वायरिंग कुणी बदललं असेल, एवढाच त्याचा अर्थ तेव्हा लावला.

काट्यावर ३ किलो ९००. त्या काळातले बरेच जॅझ बास साडेचार किलोच्या घरात किंवा वर भरतात. हा हलका होता, पण वजनावरून कुणाला फाशी देता येत नाही.

मग हेडस्टॉक. भिंगाखाली लोगोच्या रेषा सलग होत्या, सोनेरी कड कुठेही ठिपक्यांत फुटत नव्हती. घरच्या प्रिंटरवरचं डेकल भिंगाखाली लगेच चाळणीसारखं दिसतं. पडदा ओढून जांभळा टॉर्च मारला. दर्शनी भाग सगळीकडे सारखा पिवळसर हिरवा उजळला आणि डेकल त्या उजेडाच्या खाली होतं. नंतर वरून चिकटवलेल्या डेकलभोवती पातळ पापुद्र्याची हद्द दिसते आणि तेवढा तुकडा वेगळा चमकतो. इथे तसं काही नव्हतं. चारही चाव्यांच्या मागच्या पत्र्यांवर 'एफ', चाव्यांखाली जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं नाहीत. नटची रुंदी व्हर्नियरवर ३८ मिमी, म्हणजे जॅझ बासचा दीड इंच. ट्रस रॉडच्या गोळीत इंचाच्या संचातली ॲलन की गच्च बसली. मिलिमीटरच्या संचातली सैल फिरली.

फ्रेटबोर्डवर जरा तेल लावून पुसलं तर आतून जांभळट तपकिरी रेषा वर आल्या. आपली शिसव. साठच्या दशकाच्या मध्यापासून फेंडर भारतातलीच शिसव वापरत होता. म्हणजे कुठल्याशा आपल्याच जंगलातलं लाकूड कॅलिफोर्नियाला गेलं, तिथून बोटींवर फिरलं आणि बांद्र्याच्या कपाटामागे येऊन थांबलं.

मान खरी होती. मी भाचीकडे बघून मान हलवली, आणि तिला वाटलं सौदा पक्का.

बास पालथा केला. तीन स्क्रूंच्या त्या पत्र्यात एक लहान भोक असतं. ते उगाच नाही. त्याच्या आत, बॉडीच्या लाकडात, धातूची एक बैठक बसवलेली असते आणि तिच्यात एक स्क्रू. भोकातून ॲलन की घालून तो फिरवला की स्क्रूचं टोक नेकच्या टाचेतल्या धातूच्या चकतीवर दाबतं आणि मान किंचित कलते. याला मायक्रो-टिल्ट म्हणतात. तीन स्क्रूंची मान आणि हा टिल्ट सत्तरच्या जॅझ बासमध्ये जोडीनेच आले.

मी ॲलन की आत घातली. धातूला धातू लागल्याचा खट्ट आवाज यायला हवा होता. आला मऊ, बोथट ठप्प. पुन्हा घातली, थोडी फिरवली. बाहेर काढली तर टोकाला लाकडाचा भुसा.

साधा टॉर्च बॉडीला टेकवून, अगदी आडवा उजेड पाडला. काळ्या रंगावर पत्र्याच्या निमुळत्या टोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक वर्तुळ उमटलं. पूर्वीच्या दहा पैशाच्या नाण्याहूनही लहान, केसभर खोल. सरळ उजेडात काहीच दिसत नव्हतं. टॉर्च हलवला की वर्तुळं यायची आणि जायची. भाची वाकून बघत होती. "मामा, हे काय?" मी म्हटलं, "थांब जरा."

व्हर्नियर पिकअपवर लावला. ९१ आणि वर अर्धा.

मान उतरवली

आता आँटींना विचारणं भाग होतं. कंट्रोल प्लेट उघडायची आणि नेक काढायचा, नुकसान काही होणार नाही, पुन्हा होता तसा बसवून देईन, असं सांगितलं. पुतण्या तोवर आला होता, त्याच्या कपाळावर आठी आली. आँटी म्हणाल्या, "ते पण सारखे उघडत बसायचे. कर."

कंट्रोल प्लेटखाली तीन पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग. अमेरिकन बासमध्ये इथे मोठे, २४ मिमी व्यासाचे पॉट सापडतात आणि बहुतेकांच्या अंगावर आकडे ठोकलेले असतात. उदाहरणार्थ १३७ ७८१२ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, आणि पुढचं म्हणजे १९७८ चा बारावा आठवडा. ३०४ असेल तर स्टॅकपोल. या आकड्यांवरून बास कधी बनला ते नक्की होत नाही, पण त्याआधी बनला नाही एवढं कळतं. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा घेतला की त्या सालचे पॉट पुढे १९६९ पर्यंतच्या गिटारींत निघतात. इथे मात्र १६ मिमीचे लहान पॉट होते, अंगावर काही नाही.

पॉट मरतात, बदलले जातात. चाळीस वर्षं समुद्रावर आणि मुंबईच्या हवेत काढलेल्या बासचे पॉट मूळचे असते तर मलाच नवल वाटलं असतं. मला पॉटपेक्षा कंट्रोल प्लेटच्या पत्र्यात रस होता. सीटीएसच्या पॉटचा गळा जाड असतो, त्याला साडेनऊ मिमीचं भोक लागतं. नंतर बारीक पॉट घातले असते तर भोकात वॉशर भरून काम भागवलेलं दिसलं असतं. या पत्र्याची भोकं मुळातच बारीक होती आणि पॉट त्यात नेमके बसले होते. म्हणजे पत्राही अमेरिकन नाही.

पिकअप उचलून बघितले. नेककडचा खाली करड्या फायबरचा, मल्टिमीटरवर साडेसात किलोओहमच्या आसपास, चुंबकाच्या कांड्या सुट्ट्या. हा जुना फेंडर असावा, मला शंभरात नव्वद खात्री. ब्रिजकडचा प्लास्टिकचा, पोटाखाली पट्टीसारखं एकच चुंबक चिकटवलेलं. होकायंत्र आधी एकावर धरलं, मग दुसऱ्यावर. दोन्ही वेळा सुईचं तेच टोक खाली. एकाच तोंडाचे दोन पिकअप. म्हणून ती गुणगुण.

मग तारा सैल केल्या, कापो म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावून त्या नेकवर धरून ठेवल्या आणि तीन स्क्रू काढले. नेक सहज सुटला नाही. चार-पाच वेळा हलकेच डोलवल्यावर कुरकुरत आला.

टाचेवर तारखेचा शिक्का नव्हता. १९७३ ते १९८१ दरम्यानच्या बऱ्याच नेकवर तो नसतो, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. तीन भोकं, तिन्ही स्वच्छ. मध्ये गोल पोलादी चकती, नाण्यासारखी, आणि तिच्यावर टिल्ट स्क्रूच्या टोकाने पडलेला चकचकीत खळगा. म्हणजे ही मान कधीकाळी अशा बॉडीवर बसली होती जिच्यात टिल्टचा स्क्रू होता, आणि तो कुणीतरी फिरवला होता.

बॉडीच्या खाचेत धातू नव्हता. एका टोकाला दोन भोकं, दुसऱ्या टोकाला मधोमध एक, ते जरा तिरकं, हाताने पाडलेलं. आणि त्या एकट्या भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन लाकडी गुल्ल्या. आजूबाजूच्या लाकडाहून फिकट, कडेला सरसाची काळी रेघ, वरून पटाशीने साफ सपाट केलेल्या. ज्याने कुणी केलं तो सुतारकामात कच्चा नव्हता.

बॉडी मूळची चार स्क्रूंची. खालची दोन भोकं बुजवली, मध्ये नवीन पाडलं, वरून तीन स्क्रूंचा पत्रा बसवला. गुल्ल्या पाठीवर पत्र्याबाहेर डोकावत होत्या म्हणून लांबी म्हणजे पुट्टी भरून सगळ्या अंगावर काळा ड्युको मारला, गाड्यांवर मारतात तसा. लाकूड वर्षानुवर्षं थोडं थोडं आक्रसलं, गुल्ल्या केसभर आत गेल्या आणि रंगाला त्यांच्या मागे जावं लागलं. ती दोन वर्तुळं म्हणजे हे. खाचेच्या कडेला जिथे काळा टवका उडाला होता तिथे खाली नुसतं लाकडी रंगाचं पारदर्शक पॉलिश दिसत होतं.

बॉडी कुणाची, हे त्या टेबलावर सांगता येत नव्हतं. मला ती जपानी वाटली. ब्रिजचे स्क्रू मिलिमीटरचे होते, खाचांची कोरीव धार नेटकी होती. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने जॅझ बासच्या इतक्या चांगल्या नकला करत होते की शेवटी फेंडरनेच १९८२ मध्ये फेंडर जपान काढली आणि मात्सुमोतोच्या फुजिजेनकडून बास बनवून घेतले. तेव्हा 'जपानी' ही शिवी नाही. बोटीवरच्या माणसाला योकोहामा किंवा कोबेच्या बंदरात असा बास सहज मिळाला असेल. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे.

मग हा नकली का?

पुतण्याने हाच शब्द वापरला. "म्हणजे नकली म्हणताय तुम्ही? आमच्यावर आरोप करताय?"

मी बराच वेळ गप्प होतो. बाहेर पाऊस वाढला होता. आँटी आत गेल्या, मला वाटलं दुखावल्या. पण त्या एक अल्बम घेऊन आल्या. काळी पानं, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले. एका फोटोत पाच जण पांढऱ्या कोटात, मागे बोटीवरच्या हॉलचा झगमगीत पडदा. उजवीकडे त्यांचे यजमान, मिशी, लांब कल्ले आणि हातात बास. सनबर्स्ट. कडेला काळा, मध्ये मधासारखा पिवळा.

"हा मग दुसरा बास का?" भाची म्हणाली.

"एकच बास होता त्यांच्याकडे," आँटी म्हणाल्या. "एका फेरीवरून आले तेव्हा पेटीत नुसता दांडा होता. बाकीचं पाण्यात गेलं म्हणाले. वादळात खाली सामानात पाणी शिरलेलं. मग कुठून तरी दुसरं आणलं नि बसवलं. मला काय कळतंय त्यातलं. काळा केला तेव्हा मी भांडले, आधीचा छान दिसायचा."

मी भिंग लावून फोटो पाहिला. मागच्या पिकअपची जागा कळेल एवढा स्पष्ट तो नव्हता, ब्रिजवर क्रोमचं झाकणही होतं. पण अंगठा टेकवायची पट्टी तारांच्या वरच्या बाजूला होती. फेंडरने ती १९७४ च्या सुमारास खालून वर आणली. आत्ताच्या काळ्या बॉडीवर पट्टी नव्हती, तिची भोकंही नव्हती. आणि काळ्याखाली सनबर्स्टचा पिवळा कुठेच नव्हता. फोटोतलं धड आणि टेबलावरचं धड एक नाही, एवढं पक्कं.

मला अशा वेळी बासवादक जॅको पास्तोरियसचा १९६२ चा जॅझ बास आठवतो. तो एकदा तुकडे तुकडे झाला होता, तो जोडून घेतला, १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, आणि वीसेक वर्षांनी सापडल्यावर मेटॅलिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोने तो कुटुंबाकडे परत यावा म्हणून पैसे घातले. चिरा असलेला तो बास कुणी नकली म्हणत नाही. पण त्याचे तुकडे त्याचेच होते. इथे धड परकं आहे, आणि 'जुनं आहे, आठवणी आहेत' म्हणून त्याला अमेरिकन म्हणता येणार नाही. माझ्या लेखी नकली म्हणजे फसवायला बनवलेला. हा फसवायला बनवला नव्हता. एका वाजवणाऱ्याने पुढची फेरी गाठायला बनवला होता. फसवणूक झाली असती ती 'ओरिजिनल १९७८' या ओळीने, आणि ती ओळ पुतण्याने भाबडेपणानेच लिहिली होती. नंबर टाकला, वर्ष आलं, विषय संपला.

भावाचं मी पुतण्याला सरळ सांगितलं. पूर्ण मूळचा असता तर सव्वादोन लाख अवाजवी नव्हते. जे समोर आहे त्यात चाव्यांसह नेकला माझ्या हिशेबाने साठ-सत्तर हजार, जुन्या पिकअपला दहा-बारा, बॉडी आणि बाकीचं मिळून फार तर वीस. म्हणजे लाखाच्या आत-बाहेर. आणि हेही सांगितलं की सुटा नेक विकून हे पैसे कदाचित लवकर येतील, घेणारे आहेत. हे भाचीच्या फायद्याचं नव्हतं. तिने मला टेबलाखालून लाथ मारली.

पुतण्या हिशेब करत राहिला. आँटी म्हणाल्या, "सुटा नाही द्यायचा."

एक लाख पाच हजारांना ठरलं. भाची इतके पैसे मोडतोड झालेल्या बासला का देतेय, असं माझ्या बायकोने नंतर विचारलंच. तिला मान हवी होती. पुण्यात परतल्यावर मी ब्रिजकडचा पिकअप बदलला, उलट चुंबकाचा, उलट गुंडाळीचा, नेककडच्याशी जुळणारा. गुणगुण गेली. टिल्टची धातूची बैठक बसवायचा विचार केला होता, पण त्यासाठी त्या गुल्ल्यांच्या शेजारी पुन्हा भोक पाडावं लागलं असतं. तसंच राहू दिलं. मान घट्ट बसते आहे.

निघण्याआधी मी एक कागद लिहून घेतला. हे मी प्रत्येक सौद्यात करतो, कारण बास पुढे कधीतरी पुन्हा विकला जातो आणि तेव्हा कुणीतरी पुन्हा नंबर टाकून बघतो. कागदावर लिहिलं: नेक आणि चाव्या फेंडर, अमेरिका, १९७८ च्या सुमाराचा. बॉडी मूळची नाही, चार स्क्रूंची होती, तीनची केली आहे, बहुधा जपानी. रंग नंतरचा. पॉट, कंट्रोल प्लेट, ब्रिज मूळचे नाहीत. नेककडचा पिकअप बहुधा मूळचा, ब्रिजकडचा नाही. खाली तारीख, रक्कम, दोघींच्या सह्यांची जागा.

आँटींनी चष्मा लावून कागद वाचला. मग बोटाने एकेक ओळ खाली येत शेवटपर्यंत आल्या.

"त्यांचं नाव कुठे आहे?"

मी पेन परत घेतलं. रंगाच्या ओळीखाली जागा होती. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पूर्ण नाव, कोणत्या बोटी, किती साली. मग त्यांनी सही केली.